मोठ्या बाबांची वर्षी आणि काटोलकडचे चार दिवस

परत येऊन दोन आठवडे झाले तेव्हा कुठे लिहायला बसतेय. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यात मोठे भाऊ, आमच्याकडे काकांना काका नाही म्हणत, मोठे बाबा आणि मोठी आई. गेल्या वर्षी ५ फेब्रुवारीला पहाटे गेले, यंदा तिथीप्रमाणे वर्षी (म्हणजे वर्षश्राद्ध) २४ जानेवारीला आली आणि लागूनच २६ होती, म्हणून मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा असे दोघं चार दिवसांसाठी गेलो. हे त्या चार दिवसांचं आणि त्यांचंही.

दिवस पहिला, गुरुवार २३ जानेवारी

पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी साडेसातला नागपूर. थंडी अशी कोरडी की स्टेशनच्या जिन्यावरच पोराचे ओठ फुटायला लागले. जानेवारीत येत असाल तर कानटोपी आणि व्हॅसलीन वरच्या कप्प्यातच ठेवा, आणि दुपारसाठी एखादा पातळ शर्टही, कारण बाराच्या पुढे ऊन चांगलं चटकतं. अजून एक, कोणी घ्यायला येणार असेल तर मेन गेट की संत्रा मार्केटची बाजू हे आधी फोनवर ठरवून घ्या, नाहीतर सामान घेऊन अख्खा पूल उलटा चालावा लागतो.

दादा (मोठ्या बाबांचा मोठा मुलगा) संत्रा मार्केटच्या बाजूला गाडी लावून उभा होता. आधी तर्री पोहे खाल्ले, त्याशिवाय नागपूरला पोचल्यासारखं वाटत नाही. पोह्यांवर काळे चणे, त्यावर ती लाल तर्री, वरून कांदा आणि सांबार (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर). मोठे बाबा इथे यायचे तेव्हा तर्री नेहमी वेगळ्या वाटीत मागायचे, बोट बुडवून चव बघायची आणि मग किती ओतायची ते ठरवायचं. दादानेही वेगळी वाटी मागितली, मी काही बोलले नाही.

काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटर. गोरेवाडा मागे पडलं की गर्दी संपते, फेटरीच्या पुढे दोन्ही बाजूंना वावरं, कुठे तूर, कुठे हरभरा, कुठे शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी (कापूस), आणि मग काटोल जवळ आलं की संत्र्याचे बगिचे सुरू होतात. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लावून बायका बसलेल्या असतात. इथे एक सांगते, जानेवारीच्या शेवटी संत्रं घ्यायचं तर जरा जपून घ्या, कारण आंबिया बहाराचा (थंडीच्या शेवटी फुलणारा) माल तोवर संपत आलेला असतो आणि मृगाचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) पुरता गोड व्हायचा असतो. पाहुण्यांना पेटी न्यायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरला या नाहीतर मार्चमध्ये. नुसत्या रंगावर जाऊ नका, साल थोडी ढिली लागली पाहिजे आणि फळ हातात जड.

गाडीत पोराने विचारलं की मोठे आजोबा खरंच लढाईत होते का. दादा म्हणाला, "हाव, पण सांगत नव्हते."

तर जेवढं आम्हाला माहीत आहे ते इथेच सांगून टाकते. जन्म १९५० चा. चार भाऊ, पाच एकर कोरडवाहू, आजोबांवर कर्ज. १९६८ मध्ये भरती होऊन बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग केलं आणि मग पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. सतरा वर्षं नोकरी करून १९८५ ला हवालदार म्हणून घरी आले. या सतरा वर्षांत दर महिन्याला मनीऑर्डर, आणि माझे वडील नागपूरला कॉलेज शिकले ते त्या पैशावर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर दोन-तीन ओळी लिहिता यायच्या. वडिलांनी ती सगळी कुपनं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलीयत. "पैसे मिळाले की कळव. बैलाचा खांदा सुजला होता तो कसा आहे. अभ्यास कर." बहुतेक सगळी अशीच आहेत, आणि दोन-तीन कुपनांवर तर माणसांची चौकशीच नाही, नुसती बैलाची.

घरी पोचलो तेव्हा मोठी आई दारातच उभी. "अवो बाई, कवाची वाट पाहून राहिली मी. पोट्ट्याले थंडी वाजली अशीन." रात्री चुलीपुढे बसून तुरीच्या सोल्यांची पातळ भाजी, ज्वारीची गरम भाकर, मिरचीचा ठेचा. ओल्या तुरीचे दाणे म्हणजे सोले, हे फक्त याच दिवसांत मिळतात, त्यामुळे हिवाळ्यात विदर्भात कोणाच्या घरी गेलात तर लाजू नका, सरळ मागून खा. पोराने दोन भाकरी खाल्ल्या, पुण्यात अर्धी खाताना किती रडतो ते मलाच माहीत. मोठ्या बाबांची पाटाची जागा भिंतीजवळ होती, ती तशीच मोकळी होती आणि कोणी मुद्दाम सोडलीय असंही नव्हतं, सगळे सवयीने इकडेतिकडे बसले होते.

दिवस दुसरा, शुक्रवार २४ जानेवारी

वर्षीचा दिवस. पहाटे पाचलाच अंगणात पाणी तापायला लागलं होतं. पूजा, पिंड, कावळ्याचा घास, ते सगळं अकरापर्यंत आटोपलं. कावळा लवकर आला. स्वयंपाकाला गल्लीतल्या सात-आठ बाया आल्या होत्या, वडे, कढी, भात, खीर, कोहळ्याची भाजी. दीडेकशे माणसं जेवून गेली.

मला या दिवसाचं लिहायचंय ते आलेल्या माणसांबद्दल.

पहिले म्हणजे आमचे जुने सालदार काका. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर वावरात काम करणारा माणूस, गुढीपाडव्याला साल ठरतं. हे काका एकोणतीस वर्षं आमच्याकडेच होते, आता डोळ्यांना कमी दिसतं. ते ओसरीवर बसले आणि कोणी न विचारताच सांगायला लागले, की पहिल्या वर्षी थंडीत रात्रीच्या ओलिताला जायचं होतं आणि लाइट दोन वाजता यायची, तर हवालदार म्हणाले तू झोप, मी उठवतो, आणि उठवलंच नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर सगळ्या सऱ्या भिजवून हे धुऱ्यावर (बांधावर) बसलेले. "मी म्हनलं, मालक, मले काऊन नाई उठवलं? तर म्हने, माही ड्युटी होती." मग त्या दिवसापासून एक रात्र यांची, एक रात्र त्यांची, अशी पाळी लागली आणि ती एकोणतीस वर्षं कधी चुकली नाही. हे सांगताना काका रडत नव्हते, पण हात सारखा गुडघ्यावर घासत होते.

दुसरे नरखेडकडून एसटीने आले होते, रिटायर्ड सुभेदार, महार रेजिमेंटचे, डोक्यावर टोपी, बूट चकाचक, पंच्याहत्तरीच्या पुढचे. मोठ्या बाबांच्या पलटणीशी त्यांचा काही संबंध नाही. दोघांची ओळख झाली नागपूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर, आणि तिथून पुढे वीस वर्षं या दोघांनी मिळून आजूबाजूच्या गावांतल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या बायकांची पेन्शनची कामं केली. आम्हाला घरी एवढंच माहीत की मोठे बाबा महिन्यातून एकदा मोटरसायकल घेऊन "ऑफिसच्या कामाले" जातात. सुभेदार साहेब म्हणाले, किती फायली ते मोजलं नाही, पण नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या बायांना एकेक करून मागे बसवून बँकेत न्यायचे आणि परत दारात आणून सोडायचे. त्या बायांमधल्या चार जणी जेवायला आल्या होत्या, मला वाटलं होतं लांबच्या नात्यातल्या असतील.

आणि गंमत नाही, दुःख आहे हे, की ज्या माणसाने इतरांची कामं केली त्याच्याच बायकोच्या फॅमिली पेन्शनला आठ महिने लागले. मोठ्या आईचं नाव सैन्याच्या कागदात एक आणि आधारवर थोडं वेगळं, एका अक्षराचा फरक. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, ऑनलाइन भरा, परत आलं, परत भरा. शेवटी सुभेदार साहेबच मागे लागले तेव्हा झालं. म्हणून ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांच्यासाठी त्यांनी मला सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: माणूस हयात असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार आणि बँक पासबुक चारही समोर ठेवून बायकोचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघा. लग्नाची आणि मुलांची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या कागदातली नोंद) झालीय का ते बघा. स्पर्श या सैन्याच्या पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथेही तेच नाव दिसतं का ते बघा. जॉइंट फोटो काढून ठेवा. हे एका दुपारचं काम आहे, नंतर त्याचं वर्ष होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सुभेदार साहेबांची एसटी चुकली, मग ते राहिलेच. शेकोटीजवळ बसून त्यांना मी विचारलं की मोठे बाबा तुम्हाला तरी जमालपूरचं कधी बोलले का.

ते जमालपूर काय हे मला स्वतःला कळलं तेच मुळी मी नोकरीला लागल्यावर, वाचून. डिसेंबर १९७१, आजच्या बांगलादेशात ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव. मोठ्या बाबांच्या पलटणीने नदी ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला होता. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदला, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, आणि त्याने नकाराचं उत्तर पाठवलं ते बंदुकीची एक गोळी गुंडाळून. मग १० तारखेच्या रात्री आतल्या फौजेने बाहेर पडायचा प्रयत्न केला तो नेमका मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यानेच. रात्रभर चाललं. ११ ला जमालपूर पडलं, १६ ला ढाका.

हे वाचल्यावर मी दिवाळीत घरी आले तेव्हा अगदी उत्साहाने त्यांना विचारलं होतं की मोठे बाबा, ते गोळीचं खरं आहे का. ते म्हणाले, "हाव, झालं होतं तसं. आमाले मागून समजलं. मी तं मोर्चा खोदत होतो." मग थोडं थांबून, "तिथली माती लय चांगली हाये बाई. रेताड, भुसभुशीत. आपल्या काळ्या मातीत तेवढा खड्डा खोदाले दुपार लागते, तिथं तासाभरात झाला. धान कापून झालं होतं, तागाच्या काड्या रचून ठेवल्या होत्या धुऱ्यावर." एवढंच बोलले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं की हे काही सांगतच नाहीत.

सुभेदार साहेबांनी काडीने निखारे सारखे केले. म्हणाले, "माझ्याजवळ पण थे मातीचंच बोलले. फक्त एवढं जास्तीचं, की सकाळी उजेड पडला तवा त्या कापलेल्या धानाच्या वावरात माणसं पडली होती, आणि यायच्या मनात आलं का ज्याचं वावर अशीन थो आता हे कसं साफ करीन. एकवीस वर्षांचं पोट्टं, आणि मनात हे आलं."

त्यानंतर कोणी फारसं बोललं नाही. थंडी वाढली होती, आम्ही आत गेलो.

दिवस तिसरा, शनिवार २५ जानेवारी

सकाळी धुकं. आठपर्यंत बगिच्याची तिसरी रांगही दिसत नव्हती, मग हळूहळू ऊन आलं आणि झाडं एकेक करून बाहेर पडल्यासारखी दिसायला लागली.

बगिचा दोन एकरांचा, दोनशे वीस झाडं, वीस बाय वीस फुटांवर. १९८५ ला घरी आल्यावर मिळालेल्या पैशात त्यांनी विहीर खोल केली आणि बाकीच्यांनी येड्यात काढलं तरी उन्हाळ्यात खड्डे खोदून उन्हात तापू दिले, पावसाळ्यात जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं लावली. संत्र्याला फळ धरायला पाच वर्षं जातात. तेवढी पाच वर्षं पेन्शन आणि आंतरपिकातली तूर यावर घर चाललं. आता त्यातली निम्मी झाडं मूळची नाहीत, डिंक्या रोगाने गेली, दोन कोरड्या उन्हाळ्यांत गेली, त्या त्या जागी नांग्या भरल्या, म्हणजे नवी कलमं लावली. त्यातला एक उन्हाळा मला आठवतो, मी सातवीत होते, विहिरीला पाणी नव्हतं आणि मोठे बाबा आणि सालदार काका बंडीवर ड्रम ठेवून दीड किलोमीटरवरून पाणी आणायचे, एकेका झाडाला दोन बादल्या. मोठी आई म्हणाली होती, निम्मी सोडून द्या, निम्मी तरी जगतील. ते म्हणाले, कोणती सोडू ते तू दाखव. तिने दाखवली नाहीत.

झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत फिकट निळा रंग दिसतो ती बोर्डो पेस्ट. पोराने विचारलं तर दादाने त्याला करूनच दाखवली. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, लोखंडी भांडं चालत नाही, मग एकत्र ओतायचं. झाल्यावर त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा, खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा लावली तर डिंक्या आटोक्यात राहतो. ज्यांच्याकडे परसात दोन-चार लिंबाची झाडं आहेत त्यांनीही करून बघा. खिळा बुडवायचं काम लहानपणी माझं होतं, आता पोराने केलं आणि खिळा खिशात घालून पुण्यालाही आणला.

दुपारी पारडसिंग्याला अनसूया मातेच्या देवळात जाऊन आलो, काटोलपासून जवळच आहे, शनिवार असूनही गर्दी नव्हती. बाहेर चहा चांगला मिळाला. तेवढंच.

परत आल्यावर मोठ्या आईने कपाटातून ट्रंक काढायला लावली. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत युनिफॉर्मची एक जोडी, मेडलं एका जुन्या मोज्यात (पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षं नोकरीचं), आणि खाली वह्या. लांब वह्या, किराणा दुकानात असतात तशा. मला वाटलं होतं हिशेबाच्या असतील आणि होत्याही, पण त्याबरोबर रोजचं हवामान, पाऊस किती बोटं, कोणत्या रांगेत कोळशी (झाडं काळी पडतात तो रोग) आली, कोणाला किती उसने दिले, माझ्या दहावीचे मार्क, वडिलांच्या ऑपरेशनची तारीख, गाय व्याली, सालदार काकांच्या मुलीचं लग्न आणि त्यात दिलेलं भांडं. सगळं एकाच ओळीत, एकाच पेनने, कशाला मोठं अक्षर नाही.

आता मला एक कबूल करायचंय. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की आमचे मोठे बाबा दर २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन करून, मेडलं लावलेल्या कोटातच, थेट बगिच्यात जायचे आणि ताण तोडायचे. ताण म्हणजे काय ते सांगते. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरपासून महिना-दीड महिना झाडाचं पाणी बंद करतात, झाड सुकल्यासारखं होतं, पानं मलूल पडतात, थोडी गळतात, आणि मग पाणी दिलं की सगळ्या ताकदीने फुलतं. पुण्यात ऑफिसात मी हे कितीदा सांगितलं असेल, की सैनिक माणूस बघा, प्रजासत्ताक दिनाला पाणी सोडायचा. यंदा मी आलेच होते त्यासाठी, की त्यांच्या जागी २६ ला पोराच्या हाताने ताण तोडायचा.

वह्यांत १९९० पासूनच्या ताणाच्या नोंदी आहेत. रात्री दादाचा मुलगा आणि मी बसून सगळ्या काढल्या. तो अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो. २१ जानेवारी, २ फेब्रुवारी, २९ जानेवारी, १८ जानेवारी. काही वर्षं आंबिया धरलाच नाही, "विहिरीत पाणी नाही, यंदा मृग." पस्तीस वर्षांत २६ तारीख फक्त चार वेळा. त्यातल्या तीन वर्षी मी तिथे होते.

दिवस चौथा, रविवार २६ जानेवारी

शाळेत आठला झेंडावंदन. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, आता पोरं एकोणीस. मोठे बाबा दरवर्षी इथे झेंड्याच्या उजव्या बाजूला उभे राहायचे आणि भाषण करा म्हटलं की नाही म्हणायचे. गेल्या वर्षीही आले होते, त्यानंतर दहा दिवसांनी गेले. ४ फेब्रुवारीला मराठा दिन असतो, सिंहगड घेतला तो दिवस, त्या रात्री त्यांनी जुन्या पाच-सहा जणांना नेहमीसारखे फोन केले, कोल्हापूरकडे, बेळगावकडे, आणि पहाटे झोपेतच गेले. बगिचा तेव्हा कळीवर होता, फूल उमललं नव्हतं.

यंदा गुरुजींनी सुभेदार साहेबांना झेंडा चढवायला सांगितला. झेंड्याच्या उजव्या बाजूला पोरं जरा सरकून उभी राहिली होती.

मग बगिच्यात गेलो. मोटरच्या खोलीची किल्ली पोराच्या हातात. दादाचा मुलगा म्हणाला, आत्या, झालेत की चाळीस दिवस, द्यायला हरकत नाही. दादाही म्हणाला, ती एवढ्या लांबून आली आहे, देऊन टाकू. मोठी आई सगळ्यांच्या मागून हळूहळू चालत आली, एका झाडाजवळ थांबली, एक पान दोन बोटांत धरून मिटून पाहिलं, दुसऱ्या रांगेत गेली, तिथे पाहिलं.

"अजून चार दिवस."

मी म्हटलं, मोठी आई, आज सव्वीस आहे ना.

"थे तारीख पाहून पाणी नव्हते देत बाई. पान पाहून देत होते. तुले आणाचे इथं दर सव्वीसले, पान दाखवाले. पाणी नाई सोडलं तं तू रडे, म्हणून तुले मंग किल्ल्यावर नेत."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. किल्ला आठवत होता.

मोठ्या आईने किल्ली पोराकडून घेतली आणि पदराला बांधली. मग तिने त्याला पान मिटायला शिकवलं, कोणतं ताठ राहतं, कोणतं बोटातच पडून जातं. तो रांगेरांगेने जाऊन सगळ्या झाडांची पानं बघायला लागला आणि आम्हाला निघायला उशीर झाला.

मग दरवर्षीसारखं नागपूर, सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली तीच ही टेकडी. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांसाठी वर्षातून फक्त तीनदा उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्यामुळे त्या दिवशी रांग असते, ओळखपत्र जवळ ठेवा, पाण्याची बाटली ठेवा, मोठ्या बॅगा नेऊ नका, आणि गाडी बर्डीत लावायच्या नादाला न लागता थोडं लांब लावून चालत या. कस्तुरचंद पार्कचं संचलन बघून तिथूनच बरेच लोक किल्ल्यावर येतात, त्यामुळे दुपारी उशिरा गेलो ते बरं झालं. वरून अख्खं नागपूर दिसतं, खाली मेट्रो आणि माणसंच माणसं.

मोठे बाबा इथे आणायचे तेव्हा तोफा वगैरे दाखवायचे नाहीत. ड्युटीवरच्या जवानाजवळ जाऊन हळू आवाजात विचारायचे, गाव कोणतं, घरी शेती आहे का, काय पेरलं. मी तेव्हा लाजून लांब उभी राहायचे. यंदा गेटजवळ एक जवान होता, विशीतला, मी पोराला म्हटलं चल. विचारलं. तो आधी जरा बावरला, मग म्हणाला गाव बुलढाण्याकडे, दोन एकर, यंदा सोयाबीन होतं आणि आता हरभरा. पाऊस कसा झाला विचारलं तर तो एकदम बोलायलाच लागला, घाटे कसे भरलेत, वडील एकटेच आहेत, रानडुकरं येतात म्हणून रात्री मचाणावर झोपतात. मागच्या रांगेतले लोक पुढे चला म्हणेपर्यंत आम्ही बोलत होतो.

संध्याकाळी परतीची गाडी. दादाने एक पेटी दिली, आंबियाचं शेवटचं फळ, घरासाठी राखून ठेवलेलं. गाडीत संत्री नेताना पेटीच्या बाजूला भोकं आहेत ना ते बघा आणि सीटच्या खाली हीटरसारखी गरम जागा असेल तिथे ठेवू नका, आमची दोन नासली.

३० तारखेला सकाळी साडेसहाला दादाचा व्हिडिओ कॉल. अंधार होता, नीट दिसत नव्हतं, मोटरचा आवाज येत होता. पोरगा दात घासता घासता पळत आला. दादाने फोन खाली आळ्याजवळ धरला, पाणी बुंध्यापासून लांबून गोल फिरत होतं आणि माती ते पीत होती, बुडबुडे येत होते. मागून मोठी आई ओरडत होती, हळू सोड रे, पहिलं पाणी आहे, हळू.